उजेडाचे कारभारी

चित्रपट संपतो, सभागृहातले दिवे लागतात आणि पडद्यावर नावांची रांग सरकू लागते. त्या वेळी प्रेक्षक चपला शोधत असतात. नट-नटींची नावे सर्वांना आधीपासून पाठ असतात, गायकांचीही असतात, दिग्दर्शकाचे नाव निदान सुशिक्षितांना ठाऊक असते. छायालेखकाचे नाव मात्र कोणी वाचत नाही. आपण गेले अडीच तास जे पाहिले, त्यातला प्रत्येक चेहरा, प्रत्येक भिंत, खिडकीतून आत आलेला प्रत्येक कवडसा त्या एका माणसाच्या नजरेतून गाळून आपल्यापर्यंत आला होता. वक्त्याचे शब्द लक्षात ठेवावेत आणि ज्या हवेतून ते शब्द आले त्या हवेची दखलही घेऊ नये, तसेच काहीसे हे आहे.

धर्मगुरूने या विषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. वस्तुतः ख्रिस्तसभेला चित्रपटाचे वावडे कधीच नव्हते. १९३६ साली अकरावे पायस यांनी आणि १९५७ साली बारावे पायस यांनी या माध्यमाविषयी परिपत्रके काढली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र आदेशपत्र संमत केले. तथापि या चर्चेचा भर बहुधा पडद्यावर काय दाखवले जाते यावर राहिला. ते कसे दाखवले जाते, कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून, हा प्रश्न मागे पडला. आमच्या मते नीतीचा खरा पेच तिथेच आहे.

तो पेच आमच्यापुढे एका आईने उभा केला. आमच्या धर्मग्रामातल्या तिच्या मुलाला पुण्याच्या चित्रपट संस्थेत छायालेखन शिकण्याची इच्छा होती. ती माउली मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, ही लाइन बरी आहे का? सगळा खोट्याचा बाजार म्हणतात." तिला चारित्र्याची काळजी होती हे उघड आहे. परंतु तिने नकळत जो शब्द वापरला, तो 'खोटे' हा शब्द, आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटला. ज्याच्या हाती उजेड दिला आहे त्याने खरे आणि खोटे कशावरून ओळखावे? आणि जन्मभर उजेडाकडे लक्ष लावून बसणाऱ्या माणसाच्या ठायी त्या लक्ष देण्याने काही चांगुलपणा रुजतो काय?

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. दुपारी आपण घराच्या ओटीवर बसलेले असतो. बाहेर अंगणात डोळे दिपवणारे ऊन आहे, आत माजघरात काळोख आहे आणि त्या काळोखात आजी तांदूळ निवडत बसली आहे. आपला डोळा अंगणही पाहतो आणि आजीही पाहतो, कारण तो क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेत असतो आणि उरलेले काम मेंदू करतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मला हे जमत नाही. तिची सहनशक्ती तुटपुंजी असते. अंगण नीट दिसेल अशा बेताने भिंगाचे तोंड लहान करावे तर आजी काळी ठिक्कर पडते. आजी दिसावी म्हणून ते मोठे करावे तर अंगण जळून पांढरेफटक होते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांची सहनशक्ती पुष्कळ वाढली आहे, परंतु डोळ्याची बरोबरी त्यांनाही सहजी साधत नाही. म्हणून छायालेखक माजघरात दिवा लावतो. जो दिवा त्या घरात कधी नव्हता तो लावल्यावाचून ते घर जसे आपल्याला दिसते तसे दाखवता येत नाही. 'जसे आहे तसे' ही वस्तू या धंद्यात फुकट मिळत नाही, ती बनवावी लागते. खोट्याचा बाजार म्हणणाऱ्यांना हे पहिले उत्तर आहे. परंतु ते पुरेसे नाही.

या बाबतीत बंगालमधील सुब्रत मित्र यांची हकिकत आम्हांला फार बोलकी वाटते. त्यांचा जन्म १९३० सालचा. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार हे 'द रिव्हर' या चित्रपटासाठी कलकत्त्याकडे आले, तेव्हा या तरुणाने तेथे काम मागितले. काम मिळाले नाही, पण चित्रीकरण पाहण्याची मुभा मिळाली. तो रोज जाऊन वहीत आकृत्या काढी. दिवा कुठे होता, कॅमेरा कुठे, नट कुठे उभा होता हे सारे तो टिपून घेई. दिग्दर्शकाचे पुतणे क्लोद रन्वार हे त्या चित्रपटाचे छायालेखक होते. उजेडाचा मेळ राखण्यासाठी पुढे पुढे तेही या मुलाच्या वहीत डोकावू लागले, असे सांगितले जाते. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे काम हाती घेतले तेव्हा मित्र एकवीस वर्षांचे होते आणि चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी तोवर चालवलेला नव्हता. तो चित्रपट १९५५ साली पूर्ण होऊन लोकांपुढे आला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आम्हांला येथे सांगायचे आहे ते १९५६ सालच्या 'अपराजितो'विषयी. हरिहर ब्राह्मणाचे कुटुंब काशीला येऊन राहते. काशीची जुनी घरे मध्ये चौक आणि चारी बाजूंनी खोल्या अशी असतात. चौकावर आभाळाचा एक तुकडा असतो, त्यातून उजेड खाली उतरतो, भिंतींवर आपटत आपटत खोलीत पोहोचतो, आणि पोहोचेपर्यंत इतका मऊ होतो की त्याला दिशा उरत नाही. वस्तूंच्या सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधायचे असे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ठरवले. मित्र यांनी विरोध केला. स्टुडिओतले दिवे म्हणजे सरळ झोत टाकणारे, एकेका वस्तूच्या तीन-तीन सावल्या पाडणारे दिवे. त्यातून आभाळाचा उजेड कसा येणार? चंद्रगुप्त मागे हटेनात. तेव्हा मित्र यांनी चौकाच्या वर पांढरे कापड ताणून बांधले, दिव्यांची तोंडे नटांकडे न ठेवता त्या कापडाकडे फिरवली आणि कापडावरून परतलेल्या उजेडात चित्रण केले. काशीचे आभाळ कापडाचे झाले. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना ते घर काशीतलेच वाटले.

असा परावर्तित उजेड आज जगभर रोज वापरला जातो. पुढे स्वीडनमधील स्वेन नीक्विस्ट यांच्या नावाशी हे तंत्र जोडले गेले, तेव्हा आम्ही कलकत्त्यात ते आधीच करीत होतो अशी आठवण राय यांनी करून दिली. श्रेयाचा हा वाद आम्हांला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे, एक गंगेकाठचा आणि एक उत्तर ध्रुवाच्या बाजूचा, दोघेही सरळ झोताला कंटाळून परतलेल्या उजेडाकडे वळतात, ही गोष्ट आम्हांला अधिक विचार करायला लावते.

आता प्रश्न असा की, मित्र यांनी प्रेक्षकांना फसवले काय? संत ऑगस्टीन यांनी असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, असत्याचे मूळ शब्द आणि वस्तू यांच्यातील फरकात नसून बोलणाराच्या हेतूत असते. मनात एक आणि ओठांवर दुसरे, तेही समोरच्याला चुकवण्यासाठी, असे जिथे असते तिथे असत्य असते. या कसोटीवर ते पांढरे कापड निर्दोष सुटते. मित्र यांना काशीच्या घरातला उजेड कसा असतो हे ठाऊक होते आणि तोच त्यांना दाखवायचा होता. साधन कृत्रिम होते, साक्ष खरी होती. उलट त्यांनी स्टुडिओतले नेहमीचे दिवे नेहमीप्रमाणे लावले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता आणि चित्र मात्र खोटे झाले असते. आळसातून निघालेले असत्य हे लबाडीतून निघालेल्या असत्यापेक्षा अधिक पसरलेले असते, असा आमचा अनुभव आहे, आणि तो केवळ चित्रपटांपुरता नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या दिवशी प्रकाश होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. सेमिनरीत शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना या क्रमाचे कोडे पडत असे, आणि प्राध्यापक आम्हांला पवित्र लेखकाची रचनापद्धती समजावून देत. ते स्पष्टीकरण योग्यच आहे. परंतु दिवा दिसू न देता नुसता उजेड दाखवणाऱ्या या मंडळींचे काम पाहिले की तो क्रम तितकासा विचित्र वाटत नाही.

मित्र यांच्या कापडाच्या नेमके उलट टोक पाहायचे असेल तर १९५९ सालचा गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' पाहावा. व्ही. के. मूर्ती हे त्याचे छायालेखक. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत नायक आणि नायिका समोरासमोर उभे आहेत, गीता दत्त यांचे गीत चालू आहे आणि छतापासून जमिनीपर्यंत उजेडाचा एक तिरपा जाडजूड झोत उतरला आहे, त्यात धूळ तरंगते आहे. स्टुडिओतल्या कोणत्याही दिव्याने तो झोत तसा समांतर येत नव्हता. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून बाहेरचे खरे ऊन आत आणले. म्हणजे काशीच्या घरात उजेडाचा उगम खोटा आणि परिणाम खरा, तर येथे उगम साक्षात सूर्य आणि परिणाम उघड उघड नाटकी! तरीही आम्हांला मूर्ती यांचा झोत अप्रामाणिक वाटत नाही, कारण तो आपले नाटकीपण लपवीत नाही. चित्रपटच मुळी स्टुडिओविषयी आहे, मायेच्या त्या कारखान्यात एकाकी पडलेल्या माणसाविषयी आहे. तो चित्रपट तेव्हा पडला. मूर्ती यांना मात्र वयाच्या शहाऐंशीच्या वर्षी, २०१० साली, दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान झाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायालेखक होत. चाळीस वर्षे नट, दिग्दर्शक आणि संगीतकार यांना देऊन झाल्यावर समितीला उजेडाची आठवण झाली, असे म्हणावे लागेल.

मग सगळेच चालेल काय? नाही. असत्य नसूनही दोषास्पद अशी एक गोष्ट आहे आणि तिचे नाव खुशामत. संत थॉमस अक्विनास यांनी तिचा विचार असत्याहून वेगळा केला आहे. नायिकेच्या डोक्यामागे एक दिवा लपवून तिच्या केसांभोवती प्रभावळ निर्माण करणे ही चित्रपटसृष्टीची जुनी रीत आहे. ती रात्री विहिरीवर असो, इस्पितळात असो की शोकगृहात असो, प्रभावळ हजर! यात कोणी फसत नाही. परंतु वर्षानुवर्षे असे चेहरे पाहून आपल्याला प्रभावळ नसलेले चेहरे कमी वाटू लागतात, आपल्या घरातलेही. आमच्या चर्चमध्ये लग्नाच्या मोसमात येणारे व्हिडिओवाले वेदीसमोर प्रखर दिवे रोखतात, तेव्हा नवरा-नवरी शपथ घेताना एकमेकांकडे पाहण्याऐवजी डोळे मिचकावीत असतात. नंतर अल्बममध्ये दोघांचेही रंग दोन-तीन छटांनी उजळलेले असतात. आता तर मोबाइल फोन कोणाला न विचारता हे काम परस्पर उरकतो.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी ठाऊक नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून कितीतरी वर्षे कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचे रंग प्रयोगशाळेत जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र प्रमाण म्हणून वापरले जाई. 'शर्ली कार्ड' असे त्याला म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की यंत्र नीट आहे असे समजावयाचे. त्या फिल्मवर काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे बुजून जात, गोऱ्या मुलांशेजारी उभ्या असलेल्या काळ्या मुलाचे नुसते डोळे आणि दात दिसत. माता-पित्यांच्या तक्रारींनी फारसे काही हलले नाही. लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट उठत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा सुधारणेला वेग आला, असे या विषयाच्या संशोधकांना आढळले आहे. या प्रकरणात कोणा एका छायालेखकाचा दोष नाही. दोष उपकरणाच्या पोटात होता आणि कोणाचा हेतू फसवण्याचा नव्हता. येथे संत ऑगस्टीनची कसोटी आम्हांला अपुरी पडते. हेतू निर्मळ असूनही नजर अन्यायी असू शकते. चांगला छायालेखक तो, ज्याला आपले यंत्र कोणाकडे पाहत नाही हे कळते आणि जो तिथे आणखी एक दिवा लावतो.

आता स्वीडनकडे वळू. स्वेन नीक्विस्ट यांचा जन्म १९२२ सालचा. आई-वडील काँगोमध्ये मिशनरी होते आणि मुलगा बराच काळ त्यांच्यापासून दूर स्वीडनमध्ये वाढला. दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्यासोबत त्यांनी अनेक चित्रपट केले. त्यांतला १९६३ सालचा 'विंटर लाइट' आम्ही तीनदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होऊन उठलो आहो. एका लुथरन पाद्र्याचा तो एक रविवार. दुपारच्या उपासनेपासून तीनच्या उपासनेपर्यंतचा अवधी. बाकांवर मोजकी माणसे, पाद्र्याला सर्दी झालेली आणि श्रद्धा विझत आलेली. त्याच्याकडे धीर मागायला आलेला कोळी त्याच्याकडून धीर न मिळताच परततो आणि आत्महत्या करतो.

चित्रीकरणापूर्वी बर्गमन आणि नीक्विस्ट हे उत्तरेकडच्या एका चर्चमध्ये जाऊन अकरा ते दोन या वेळेत नुसते बसून राहत. असे त्यांनी कित्येक दिवस केले. हिवाळ्यातला ढगाळ उजेड त्या तीन तासांत कसा बदलतो, एवढेच पाहायचे. त्यांच्या लक्षात आले की अशा दिवशी त्या चर्चमध्ये सावली पडतच नाही. मग चित्रपटातही सावली पडता कामा नये असे ठरले. चर्चचा अंतर्भाग स्टुडिओत उभारायचा होता. स्टुडिओतल्या खोल्यांना एरवी छत नसते, कारण वरून दिवे टांगायचे असतात. नीक्विस्ट यांनी कलादिग्दर्शकाला छत बांधायला सांगितले. कशासाठी? दिवे टांगण्याची सोयच आपल्याला उरू नये, सवयीने हात वर जाऊ नये, यासाठी.

पापनिवेदनाला बसणाऱ्या कोणाही धर्मगुरूला ही युक्ती ओळखीची वाटेल. पापाचा प्रसंग टाळावा असे आम्ही सांगत असतो. नीक्विस्ट तेव्हा चाळिशीच्या घरात होते, कसबी होते, सुंदर दिसणारे चित्र त्यांना चुटकीसरशी जमत होते, आणि नेमके तेच त्यांना नको होते. आपल्या हातचा मळ झालेले सौंदर्य त्यांनी स्वतःच छत घालून बंद केले. आम्ही प्रवचने करणारी माणसे. पंचवीस-तीस वर्षांनंतर कोणत्या वाक्यावर लोकांचे डोळे ओलावतात हे आम्हांला पक्के कळलेले असते. तिथे छत घालणारे आमच्यात किती निघतील?

त्या चित्रपटात एका क्षणी, पाद्री आतून पूर्ण रिकामा झालेला असताना, खिडकीतला उजेड वाढतो आणि त्याच्या चेहऱ्यावर येतो. बस्स, एवढेच. ते ढग सरकणे आहे की कृपा आहे, हे चित्रपट सांगत नाही. आम्हीही सांगणार नाही. इतकेच म्हणतो की आधीचा सारा वेळ छायालेखकाने एकही लाडिक किरण येऊ दिला नव्हता, म्हणून त्या उजेडाचा अर्थ काय हा प्रश्न तरी पडतो.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की कसब मुरले की सद्गुण आपोआप येतो. असे असते तर किती बरे झाले असते! अक्विनास याबाबत कठोर आहेत. कला म्हणजे करावयाच्या वस्तूविषयीची योग्य विवेकबुद्धी, असे ते सांगतात. तिने वस्तू चांगली होते, वस्तू करणारा चांगला होतोच असे नाही. त्यासाठी व्यवहारातला विवेक हा वेगळा सद्गुण लागतो. उदाहरण दूर नाही. १९३४ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी पक्षाचा मेळावा भरला. लेनी रीफेनश्टाल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' हा चित्रपट झाला आणि तो १९३५ साली प्रदर्शित झाला. त्याचे प्रमुख छायालेखक झेप आल्गायर. ढगांतून उतरणारे विमान, माणसांच्या शिस्तबद्ध भिंती, खालून टिपलेला नेता, हे सारे कसब अव्वल दर्जाचे आहे. उजेडाच्या बाबतीत त्यात कदाचित एकही चूक सापडणार नाही. आणि त्या उजेडाखाली जे उभे होते ते काही वर्षांत माणसांना भट्टीत घालणार होते. चौकटीतून किती माणसांचे तोंड पुसले गेले आहे आणि ती केवळ एका आकृतीतले ठिपके झाली आहेत, हे पाहणाऱ्याला कळते. पण भिंगामागे उभ्या असलेल्यांना ते कळले नाही, किंवा कळून चालले.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे आणि आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते, कारण तेथे हेतू चांगला होता. नाझी छळछावणीवरील 'कापो' या इटालियन चित्रपटात एक बंदिवान स्त्री विजेच्या तारेवर स्वतःला झोकून देऊन मरते. त्या क्षणी कॅमेरा पुढे सरकतो आणि तिचा लटकलेला हात चौकटीत नीटस बसावा अशी जागा घेतो. १९६१ साली फ्रेंच समीक्षक झाक रिव्हेत यांनी या एका हालचालीवर संतापून लेख लिहिला. त्यांचा आक्षेप मृत्यू दाखवण्याला नव्हता. मरणाऱ्या स्त्रीच्या जवळ जाताना चौकट सुबक करण्याचा विचार ज्याला सुचला, त्याच्या मनाविषयी होता. हा निवाडा फार कडक आहे असे कित्येकांना वाटते आणि आम्हांलाही कधी कधी वाटते. तरीपण दुष्काळाची, पुराची, फुटपाथवर झोपलेल्या मुलांची बक्षीसपात्र छायाचित्रे पाहताना तो लेख आठवल्यावाचून राहत नाही. दुःख सुंदर दिसू नये असे नाही. पिएता सुंदरच आहे. परंतु मायकलअँजेलोने मातेच्या मांडीवरचे ओझे हलके केलेले नाही.

त्या आईला आम्ही काय उत्तर दिले, असे वाचक विचारतील. आम्ही तिला अक्विनास सांगितला नाही. या कामात हात काळे होण्याची जोखीम दुकान चालवण्यापेक्षा किंवा वकिली करण्यापेक्षा जास्त नाही, आणि शिकायला फार वर्षे लागतात, एवढेच सांगितले. तिला दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा जास्त जड वाटले असावे. मुलगा पुढे गेला की नाही हे येथे सांगण्याचे कारण नाही.

वर्षे लागतात म्हणजे किती? दादासाहेब फाळके यांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना तोंडपाठ आहे. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि तो पाहता पाहता राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत हा ध्यास घेतला. आपल्या समाजात ही आठवण थोड्या अभिमानाने सांगितली जाते, ते ठीकच आहे. परंतु 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावून त्याची वाढ एकेका चौकटीने टिपली, ही गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. कित्येक दिवसांची वाट पाहणे आणि पडद्यावर मिनिटभराचे चित्र. त्याच दिवसांत डोळ्यांना अतोनात ताण देऊन काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

डोळे हे या माणसांचे भांडवल आणि तेच आधी खर्ची पडते. नेस्तोर आल्मेन्द्रोस हे बार्सिलोनात जन्मलेले, क्युबात वाढलेले आणि फ्रान्समध्ये नावारूपाला आलेले छायालेखक. १९७८ सालचा 'डेज ऑफ हेवन' त्यांनी टिपला तेव्हा त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. साहाय्यकाने झटपट छायाचित्र काढून द्यायचे आणि त्यांनी ते जाड भिंगातून न्याहाळून उजेड ठरवायचा, असे काम चाले. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांना पुष्कळसे चित्रण सूर्य मावळल्यानंतरच्या संधिप्रकाशात हवे होते, आणि तो उजेड वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. दिवसभर तयारी करून सारा चमू त्या वेळेची वाट पाहत असे. आल्मेन्द्रोस यांनी हॉलिवुडच्या तंत्रज्ञांनी लावलेले दिवे एकेक करून विझवायला लावले, त्यावरून पुष्कळ कुरबूर झाली. पुढल्या वर्षी त्यांना ऑस्कर मिळाले. अधू होत चाललेल्या डोळ्यांनी कमीत कमी उजेडावर भरवसा ठेवावा, हे नवलच.

नीक्विस्ट यांनाही दोन ऑस्कर मिळाली, पण आम्हांला त्यांच्या उत्तरायुष्यातील निराळीच एक गोष्ट आठवते. आन्द्रेइ तारकोव्हस्की यांच्या 'द सॅक्रिफाइस' या चित्रपटाच्या शेवटी एक घर पेटते आणि ते सारे एका सलग दृश्यात टिपायचे होते. घर पेटवले आणि कॅमेरा मध्येच अडकला. डोळ्यांदेखत घराची राख झाली आणि हाती काही आले नाही. घर पुन्हा बांधले गेले, या वेळी दोन कॅमेरे लावले आणि ते पुन्हा पेटवले. आज आपण पाहतो ते ते दुसरे घर. चित्रपट १९८६ साली आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिग्दर्शक गेले. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, तीत तो आहे.

नीक्विस्ट यांनी १९९७ साली आठवणींचे पुस्तक लिहिले. प्रकाशाविषयीचा आदर, असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढल्याच वर्षी त्यांना वाचाघाताच्या विकाराचे निदान झाले आणि शब्द एकेक करून त्यांना सोडून गेले. काम थांबले. २००० साली त्यांच्या मुलाने त्यांच्यावर माहितीपट केला. २००६ च्या सप्टेंबरात ते वारले. माहितीपटाला मुलाने जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ असा होतो की, उजेड माझ्या सोबतीला असतो.